एक मिनिट, जरा लावून घेतो

आमच्या मेहुण्यांना गिटार येते, असं सासरच्या सगळ्या माणसांचं म्हणणं आहे. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात मी त्यांना गिटार पुसताना पाहिलंय, तारा काढताना पाहिलंय, तारा चढवताना पाहिलंय, तिला तेल लावताना आणि सूर लावताना तर शेकडो वेळा पाहिलंय. वाजवताना मात्र नाही. ‘‘दादा, वाजव की काहीतरी,’’ असं बायको म्हणाली की ते खुंटीकडे हात नेतात आणि म्हणतात, ‘‘एक मिनिट, जरा लावून घेतो.’’ त्या मिनिटात आमच्याकडे जेवणं उरकतात.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. दर कॉलेजच्या दर बॅचमागे एक असतोच. पण आमच्या मेहुण्यांची गोष्ट वेगळी, कारण ते मिरजेचे. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या गावात लहानाचे मोठे झाले. शाळेतून येताना दुकानाच्या पायरीवर दप्तर टाकून जवारी काढणाऱ्या कारागिराकडे तासन्‌तास बघत बसायचे. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी आमच्या सोसायटीत पेढे वाटले. वॉचमनला वाटलं, त्यांना मुलगा झाला.

तर या मिरजेनं त्यांचा कान बिघडवला. म्हणजे बनवला, पण गिटारीच्या दृष्टीनं बिघडवला. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातून आपोआप एक गंधार ऐकू येतो. कुणी न लावलेला, स्वयंभू. गिटारीचे पडदे पडले पक्के ठोकलेले आणि सगळ्या सुरांना समान अंतरावर बसवणारे. त्यांच्यावर जो गंधार मिळतो तो त्या स्वयंभू गंधारापेक्षा 14 सेंट चढा. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तुम्हाआम्हाला तो फरक कळतही नाही. मेहुण्यांना तो चपलेतल्या खड्यासारखा टोचतो. मग ते ‘ई मेजर’ गोड लागावा म्हणून तिसरी तार केसभर उतरवतात. ई मेजर सुरेख लागतो. लगेच ‘जी’ धरून बघतात, तर आता तीच तार बेसूर. ती परत चढवली की ई रुसला. हा तंटा जगात कुठेच सुटलेला नाही, पण तो आमच्या दिवाणखान्यात सुटेल अशी त्यांची श्रद्धा आहे.

‘‘दाजी, ऐका,’’ म्हणून ते मला जवळ बसवतात. सहाव्या तारेला पाचव्या फ्रेटवर आणि पाचव्या तारेला सातव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवायचं, छेडायचं आणि उचलायचं. दोन घंटा वाजल्यासारखे सूर निघतात. ते जुळलेले नसतील तर त्यांच्यात एक लाट ऐकू येते, वंव-वंव-वंव. खुंटी अगदी हळू पिळली की लाट संथ होते, वंऽऽव, वंऽऽऽऽव, आणि मग थांबते. खोटं कशाला बोलू, ती थांबते तो क्षण मलाही आवडतो. आपल्यालाच हायसं वाटतं. पण मेहुणे लगेच गिटारीच्या डोक्याला चिकटवलेल्या ट्यूनरकडे बघतात. तो म्हणतो, दोन सेंट कमी. कान म्हणतो बरोबर, यंत्र म्हणतं चूक. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

तारा बदलायचा कार्यक्रम दर दोन महिन्यांनी आमच्याकडे होतो, कारण आमचं जेवणाचं टेबल मोठं. टेबलावर सोलापुरी चादर, गिटारीच्या मानेखाली उशी (माझी). एकेक तार सैल करायची, ब्रिजवरच्या पिना उपसायच्या. पिन हटून बसली तर गिटारीच्या पोटात हात घालून आतून ढकलायची. अशीच एक पिन एकदा उडाली ती थेट शिऱ्याच्या पातेल्यात, आणि सापडली सासूबाईंच्या दाताखाली. तो आवाज कुठल्या सुरात होता हे मेहुण्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या तोंडावर आलेलं मी पाहिलं. सगळ्यांत बारीक तार 0.3 मिलिमीटरची. ती चढवताना घरादारानं श्वास रोखायचा. सहाही तारा चढल्या की गिटारीच्या मानेवर 70 किलोंच्या वर ताण येतो, म्हणजे जवळपास आख्खे मेहुणे. नवी तार काही दिवस ताणत राहते, उतरत राहते, त्यामुळे ते दिवस त्यांना दिवाळीसारखे. उतरलेल्या जुन्या तारा सासूबाई नेतात. बारीक तारेनं खरवसाच्या वड्या काय सुबक पडतात!

पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. त्यावर उपाय म्हणून नातेवाइकांच्या बुटांच्या खोक्यांतल्या आणि औषधांच्या बाटल्यांतल्या ‘खाऊ नये’ लिहिलेल्या पुड्या त्यांच्याकडे जमा होतात. फिंगरबोर्ड शिसवी लाकडाचा. ‘‘आपल्याकडचाच शिसव परदेशी जातो आणि गिटार होऊन परत येतो,’’ असं म्हणत ते त्याला थेंबभर तेल चोळतात. आजोबांच्या त्याच शिसवाच्या पलंगावर मात्र धुळीचा थर आहे.

कुणी फारच चुळबुळ केली तर एक गोष्ट ठरलेली. 1971 सालच्या ऑगस्टची पहिली तारीख, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवली आणि नुसत्या जुळवण्यावर हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या! मेहुणे टाळ्यांपाशी थांबतात. जुळवणं इतकं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल, असं त्यावर रविशंकर म्हणाले होते. हे मला पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

गेल्या कोजागरीला आमच्या गच्चीवर ते गिटार घेऊन आले. घरातून लावून आणलेली, पण वर गार वारा. गारठ्यानं पोलादी तार आकसते आणि सूर चढतो. त्यांनी उतरवला. तोवर दूध आटलं, वाटलं गेलं, संपलं. पोरांनी कंटाळून अंताक्षरी सुरू केली आणि ती मिटलीही. एक वाजता लोक चटया गुंडाळून गेले. मेहुणे म्हणाले, ‘‘तुम्ही व्हा पुढे, मी एवढी दुसरी तार बघून येतो.’’

अर्ध्या तासानं दुधाचं पातेलं वरच राहिल्याचं बायकोच्या लक्षात आलं आणि मी परत जिना चढलो. शेवटच्या वळणावर पाय थबकला. वर गाणं चाललं होतं. एक जुनं हिंदी गाणं, अगदी हळू, चाचपडत. ‘एफ’ आला की गाणं थांबायचं. आडवं बोट सावकाश सहाही तारांवर बसायचं, त्यातल्या दोन मुक्याच राहायच्या, मग गाणं पुढच्या ओळीला. पुन्हा एफ, पुन्हा थांबा. दारातून दिसली ती पाठमोरी मान, तालाच्या जरा मागून डोलणारी.

पातेलं दाराशीच होतं. मी हलक्या हातानं उचलायला गेलो आणि झाकण सटकलं. ते चांगलं तीन पायऱ्या वाजत गेलं.

गाणं तुटलं. क्षणभर काहीच नाही. मग टिंग. टिंग. वंव-वंव-वंव.

‘‘दाजी का? आलोच, एक मिनिट,’’ वरून आवाज आला. ‘‘बी अजून जरा चढीच वाटतेय.’’