भाच्याचा एक आणा

आमचा भाचा फ्रान्समध्ये तुलूजला असतो आणि इलेक्ट्रॉनांच्या वागणुकीवर काम करतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीच्या वडिलांनी "म्हणजे रॉकेट बनवता?" एवढंच विचारलं. हा दहा मिनिटं खुलासा करत बसला: रॉकेट नाही, वर गेलेल्या यानाचं इंजिन, इंजिनही नाही, त्यातला इलेक्ट्रॉन, आणि तोही खरा नाही, संगणकातला. स्थळ अर्थातच गेलं.

या जातीची माणसं तुमचा प्रश्न संपायच्या आत समोरची वाटी ओढून घेतात. वाटी म्हणजे त्या इंजिनाची, हॉल थ्रस्टरची, गोल खोबण. "मामा, इथे झेनॉन सोडायचा. चुंबकाने अडवलेला इलेक्ट्रॉन रिंगणातल्या घोड्यासारखा गोल गोल धावतो, झेनॉनला धडका देतो. त्यातून आयन होतात, ते सुसाट मागे जातात, यान पुढे." जोर किती? पाच रुपयांचं जुनं जाड नाणं तळहातावर ठेवा, त्याच्या भाराहूनही कमी. तेवढ्यावर युरोपचं स्मार्ट-1 2003 साली निघालं आणि चौदाव्या महिन्यात चंद्राभोवती पोचलं. घाई असलेल्यांनी एसटीने जावं.

घोटाळा एवढाच, की हिशेबापेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन रिंगणाची दोरी ओलांडून धन टोकाकडे पळतात. नेमके का, यावर विद्वानांचे वाद अजून चालू आहेत. अशा गळतीसाठी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांनी 1949 साली एक सोळांश हा आकडा दिला, पण तो आला कुठून याचं गणित काही मांडलं नाही.

"एक सोळांश? म्हणजे रुपयात आणा!" मी म्हणालो. भाचा हसला नाही. त्याचा आणा खोबणीच्या आत वेगळा, बाहेर वेगळा. उत्तर प्रयोगाशी जुळेपर्यंत तो कमी-जास्त करत राहतो. आमची ही आमटीत गूळ असाच घालते, फक्त त्यावर शोधनिबंध छापत नाही.

"आणि खरं इंजिन?"

"ते उत्तम चालतं. सोव्हिएत मेटिऑर उपग्रहावर 1972 सालीच चाललं." याचा जन्म 1991चा.

आता त्याने आणा सोडला आहे. इलेक्ट्रॉनांच्या मोटा बांधून कोट्यवधी मोटा संगणकात सोडल्यात, एका पावलाला काही पिकोसेकंद. तीन आठवडे मशीन रात्रंदिवस चालू आहे. परवा फोनवर विचारलं, "कुठवर आलं रे?"

"वीस मायक्रोसेकंद झाले, मामा."