बळीराजा येतो शुक्रवारच्या रो-रोने

अलिबाग तालुक्यात भातखाचरं कमी होत चाललीत आणि शेतकरी वाढत चाललेत. हे नवे शेतकरी शुक्रवारी संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर रो-रोत गाडी चढवतात, तासाभरात मांडव्याला उतरतात, शनिवारी हिरवळीवर खुर्ची टाकून मातीशी नाळ जोडतात आणि रविवारी ती तोडून घरी जातात.

गाव पूर्वी इतकं अगत्यशील नव्हतं. आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय या समुद्रात व्यापाऱ्याचं गलबत फिरायची सोय नव्हती. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज हातमिळवणी करून कुलाबा किल्ल्यावर चालून आले. कान्होजींनी दोघांनाही हात हलवत परत पाठवलं. बिचाऱ्यांकडे तोफा होत्या, दलाल नव्हता. 'साहेब, घेऊ नका हो, नुसती जागा तर बघा' म्हणत मोटरसायकलवर मागे बसवणारा एखादा पोरगा तेव्हा भेटता, तर वरसोलीपासून नागावपर्यंतची वाडी दोन पावसाळ्यांत त्यांच्या नावावर चढली असती. शेवटी १८४० साली कंपनीने वारस नाही एवढ्याच कारणावर संस्थान खालसा केलं. जमीन हवी तर आधी वारसांचं बघावं, हा धडा आमच्या दलालांनी तिथूनच घेतला असावा.

कारण इथला कुठलाही जुना सातबारा उघडा. मयत आजोबा, त्यांचे मुलगे, नातू आणि लग्न होऊन पेण-पनवेलला गेलेल्या झाडून साऱ्या आत्या. ज्या आत्याला वर्षानुवर्षं गणपतीला कुणी बोलावलं नाही, तिच्या दारात जागेला गिऱ्हाईक लागताच भाऊ उभा: एका हातात पैठणी, दुसऱ्या हातात हक्कसोडपत्र.

मुंबईकराचं इथलं पहिलं सेकंड होम मात्र सरकारी होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, वेधशाळेतली चुंबकीय यंत्रं बिघडणार, म्हणून १९०४ साली ती अलिबागला हलवली. इमारतीत लोखंड वापरलं नाही आणि समुद्राच्या वाळूत कुंपणही घातलं नाही. पुढच्यांनी यातलं काहीच उचललं नाही. किहीमला नीरव मोदींचा बंगला तर २०१९ साली सुरुंग लावून पाडावा लागला.

आता मुद्द्याचं. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून मलबार हिलवर एकाएकी पितृपंधरवडा सुरू होतो. दूरच्या कुठल्याशा तालुक्यात खापरपणजोबांच्या नावावर थोडी वरकस सापडते, दाखला निघतो, आणि ज्याने जन्मात कोथिंबिरीची जुडी निवडली नाही तो बळीराजा होतो.

हा कायदा आला त्यामागे याच तालुक्यातलं चरी गाव आहे, हे विक्रीच्या गुळगुळीत माहितीपत्रकात छापत नाहीत. १९३३ साली चरी आणि आसपासच्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं. पुढारी नारायण नागू पाटील. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकर तिथे येऊन गेले. लोकांनी लाकूडफाटा विकला, पोटाला चिमटा घेतला, पण खोताच्या खाचरात दाणा टाकला नाही. सहा वर्षं! केवढं कौतुक होतं अजून त्या संपाचं. आमचे नवे शेतकरी वीस-वीस वर्षं पेरत नाहीत, त्यांचा साधा नारळ देऊन सत्कारही कुणी करत नाही.

भाव काय चाललाय म्हणता? अटल सेतू २०२४ साली झाला, तेव्हापासून भाव विचारला की दलाल आधी आकाशाकडे बघतो, मग तुमच्या चपलांकडे. 'सी-टच' म्हणजे भरतीला पाणी अंगणात. 'सी-व्ह्यू' म्हणजे टाकीवर चढल्यावर.

परवा एक मुलगा तलाठी कार्यालयात आला होता. वडिलांनी होती नव्हती ती जमीन विकून टाकलेली. त्या पैशातून थोरलीचं लग्न, एक गाडी आणि दोन मजल्यांचं अर्धवट घर झालेलं. त्याला भातशेतीसाठी गावातलीच थोडी जमीन परत घ्यायची होती, चुलत्याकडून. भाऊसाहेबांनी त्याला शांतपणे समजावलं, ''तुझ्या नावावर आता कुठेच शेतजमीन नाही रे. तू शेतकरी नाहीस. कलेक्टरसाहेबांची परवानगी आण.''