चौथ्या गड्याचे सर

कोल्हापुरात एखादा माणूस पळताना दिसला, तर बघणाऱ्यांचे दोनच अंदाज असतात. एक तर त्याच्या मागं कुत्रं लागलंय, नाहीतर त्याला भरती व्हायचंय. या दोन्हींत न बसणाऱ्या तिसऱ्याच कारणासाठी पहाटे साडेपाचला शिवाजी विद्यापीठाच्या माळावर गळ्यात शिट्टी अडकवून कुणी गृहस्थ उभा दिसला, तर तो क्रॉसकंट्रीचा सर समजावा. नाव विचारू नये. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांत असे सर विखुरलेले आहेत आणि त्यांतला एक पाहिला की बाकीचे पाहिल्यात जमा.

हे सर कुठल्यातरी कॉलेजात जिमखाना सांभाळतात. कागदावर 'शारीरिक शिक्षण संचालक', पोरांच्या तोंडी 'पीडी'. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या संघांच्या एंट्र्या तेच भरतात, टीए-डीएच्या बिलांवर सह्या तेच गोळा करतात आणि गॅदरिंगला मंडपवाल्याशी भांडायलाही तेच जातात. पण जीव अडकलेला असतो क्रॉसकंट्रीत. एखाद्या वर्षी विद्यापीठ संघाचा कोच म्हणून नेमणुकीचं पत्र आलं की मूळ पत्र कपाटात जातं आणि त्याची झेरॉक्स वर्षभर खिशात राहते. अंगात ट्रॅकसूट असतो. त्याच्या पाठीवरच्या अक्षरांपैकी 'शिवाजी वि' एवढीच आता वाचता येतात. तो त्यांनी स्वतः पळून मिळवलेला आहे, त्यामुळं नव्या ट्रॅकसूटची मागणी ते पोरांसाठी करतात, स्वतःसाठी नाही.

सरांना जगातली कुठलीही गोष्ट मिनिट-सेकंदांतच कळते. बायकोनं "पाच मिनिटांत चहा टाकते" म्हटलं, तर ते चार पन्नासला स्वयंपाकघराच्या दारात उभे. भाच्याच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकांचं टायमिंग घेतलं आणि "दुसऱ्या कडव्याला भटजी फार लवकर सुटले, शेवटाला दम उरला न्हाई," असा अभिप्राय पंगतीत दिला.

पोरांना ते नावानं हाक मारत नाहीत, तालुक्यानं मारतात. "ए शाहूवाडी, खांदं खाली टाक!" "जत, मागं काय बघतोयस? मागं कोण न्हाई, तूच शेवटाला हायस!" यामागं त्यांचा एक सिद्धांत आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या पोराला चढ शिकवावा लागत नाही, कारण त्याची शाळाच चढावर होती. त्याला उतार शिकवावा लागतो. उतार लागला की तो थेट घरची वाट धरतो. जत, आटपाडी, माणच्या पोराला तहान लागत नाही. लागली तरी तो सांगत नाही. शिरोळचा पोरगा उसाच्या पट्ट्यातला. सपाटीवर त्याला धरायला कुणी नाही, पण चढ दिसला की तो आधी त्याची चौकशी करतो. आणि खुद्द कोल्हापूर शहरातला पोरगा फुटबॉल सोडून आलेला असतो. त्याला पळता उत्तम येतं, पण बॉल कुठाय हे कळल्याशिवाय तो निघत नाही. या सिद्धांताविरुद्ध कुणी शंका काढली की सर एकच वाक्य टाकतात, "ललिता बाबर कुठली? माण तालुक्यातल्या मोहीची. रिओला 2016 साली स्टीपलचेसच्या फायनलला गेली. आता बोला." मग कुणी बोलत नाही.

सरांचं खरं भांडण आहे ते गावाच्या नजरेशी. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं तेव्हापासून या गावात माणसाची किंमत मानेच्या जाडीवरून ठरते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेऊन जो ग्लास उभ्या उभ्या रिकामा करतो, तो माणूस. चोपन्न किलोचा, गालफडं बसलेला, काटकुळ्या पायांचा पोरगा हा इथं खेळाडू नसतो, पेशंट असतो. एकदा एका पोराची आई शेताची कामं टाकून जिमखान्यात आली.

"सर, पोरगं वाळून चाललंय. काय रोगबिग हाय का बघा की."

"ताई, हा रोग न्हवं. ही तयारी हाय."

"मग तयारी झाली की जाड हुईल न्हवं?"

सर पाऊण तास बोलले. हृदय, फुप्फुस, ऑक्सिजन, सगळं सांगितलं. माउलीनं शांतपणे ऐकलं आणि जाताना तुपाची बरणी टेबलावर ठेवली.

खाशाबा जाधवांवर मात्र सरांची कुस्तीवाल्यांइतकीच भक्ती. खाशाबा राजाराम कॉलेजचे, आणि त्यांनी 1952 साली हेलसिंकीत पदक आणलं हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण सर पुढची ओळ जोडतात. त्याच हेलसिंकीत एमिल झॅटोपेक नावाच्या झेक गड्यानं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं एकट्यानं मारली. तेव्हा दोघं कुठंतरी समोरासमोर आलेच असणार, अशी सरांची खात्री आहे, आणि त्या वाळक्या माणसाला बघून खाशाबांनी "जेवला न्हाईस का रं?" असं नक्की विचारलं असणार, अशी आमची.

दुसरी अडचण हिशेबाची. क्रॉसकंट्री हा दिसायला एकट्याचा, पण असायला संघाचा खेळ. सहा जण पळतात, पहिल्या चौघांचे क्रमांक बेरजेला धरतात, आणि ज्याची बेरीज कमी तो जिंकतो. जागतिक स्पर्धेतही असंच. हे 'कमी तो जिंकतो' कोल्हापुरात कुणाच्या पचनी पडत नाही. एका वर्षी सर निकाल घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

"किती गुण आपल्याला?"

"सत्तावीस, सर."

"आणि पहिल्या संघाला?"

"एकोणीस."

"अहो, मग पहिले आपणच की!"

सर काही सांगेपर्यंत शिपाई फ्लेक्सवाल्याकडं पोचला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर 'प्रचंड गुणांनी विजयी' असा बारा बाय आठचा फ्लेक्स झळकला. त्यात धावपटूंचे फोटो खाली तिकिटाएवढे आणि वर संस्थेचे सगळे पदाधिकारी.

या बेरजेतूनच सरांचं तत्त्वज्ञान निघालेलं आहे, आणि ते चौथ्या गड्याचं आहे. पहिला येणाऱ्याचं त्यांना फारसं कौतुक नाही. "पहिला आईबापानं घडवलेला असतो. मी फक्त त्याच्या आडवा येत न्हाई. चौथा मात्र मी घडवतो." कारण उघड आहे. तुमचे तिघं पाचाच्या आत आले आणि चौथा चाळिसावा आला, तर ज्यांचे चौघं दहाच्या आसपास चिकटून आले ते तुम्हाला आरामात हरवतात. म्हणून सरांचं स्टॉपवॉच पहिल्यासाठी थांबत नाही; पहिल्यापासून चौथ्यापर्यंत किती सेकंद गेले, ते वहीत उतरतं. पहिला पोरगा टेप तोडून हात वर करतो, फोटोसाठी वळतो आणि बघतो तर सर त्याच्याकडं पाठ करून लांब झाडीकडं ओरडत असतात, "आलास का रं, भुदरगड? आलास का?"

सरांचा आदर्श म्हणजे न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड. आठवड्याला शंभर मैल पळायला लावून त्यानं आपल्या आसपासच्या पोरांतून पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग असे 1960 च्या रोम ऑलिंपिकचे विजेते काढले. पण सरांना त्याची सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे तो जोड्यांच्या कारखान्यात कामाला होता. "पायताणाचं गाव तर आपलं! मग असा माणूस हितंच का निपजू नये?" हा प्रश्न ते शून्यात बघून विचारतात, आणि उत्तर म्हणून स्वतःच थोडे ताठ उभे राहतात.

लिडियार्डचं वेळापत्रक त्यांनी कोल्हापूरच्या भूगोलात बसवलंय. मंगळवारी ट्रॅकवर हजाराचे इंटरव्हल. गुरुवारी फार्टलेक, म्हणजे कधी जोरात कधी हळू असं मनमोकळं पळणं. स्वीडनच्या जंगलात ते झाडांच्या खुणेनं करत असतील, सर ते लाइटच्या डांबांवर करतात, एक डांब जोरात, एक डांब हळू. मध्येच एखादा डांब पावसात पडलेला असला की अख्खा संघ पुढच्या डांबापर्यंत जीव खाऊन पळतो. शनिवारी कात्यायनीचा चढ. रविवारी लाँग रन. तो संपला की मिसळीला सक्त बंदी. ही बंदी सर स्वतः मिसळीच्या गाड्यावर बसून राबवतात, म्हणजे कोण येतो ते दिसतं. कट वाया जाऊ नये म्हणून तो त्यांना प्यावा लागतो, हा भाग वेगळा.

स्पर्धेच्या दिवशी पाऊस असतोच. दहा किलोमीटर, दोन-दोनचे पाच फेरे, पायाखाली काळ्या मातीचा राडा. या खेळाला प्रेक्षक का नसतात, हे तिथं कळतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा फुटबॉल सामना असला की गॅलरीत मुंगीला जागा नसते. खासबागेत कुस्ती सहा फुटांवर दिसते. इथं साठ-सत्तर पोरं शिट्टीबरोबर सुटतात, झाडीत शिरतात आणि नाहीशी होतात. त्यानंतर त्यांना बघणार विद्यापीठातले मोर. मोर घाबरून ओरडले की सर ओळखतात, "पुढचा गट तळ्याजवळ आला." मग स्प्लेंडरला किक मारून आडवाटेनं पुढं जातात. एका फेऱ्यात चार ठिकाणी चार वेळा तेच सर चारही वेळा "शेवटचं पाचशे मीटर!" असं खोटं ओरडताना दिसतात. चौथ्या फेऱ्यापर्यंत पोरांचा त्यांच्यावरचा विश्वास उडालेला असतो, त्यामुळं पाचव्या फेऱ्यात ते खरं सांगतात तेव्हा कुणी जोर लावत नाही.

चिखल बघून कुणी कुरकुर केली, तर सर 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट काढतात. तेव्हा क्रॉसकंट्री ऑलिंपिकमध्ये होती. त्या दिवशी असं काही ऊन पडलं की अडतीस जण सुटले आणि पंधराच जण पोचले. बाकीचे वाटेत कोसळले, भरकटले. पावो नुर्मी मात्र काही झालंच नाही अशा थाटात पहिला आला. त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकमधून जो गेला तो गेलाच. पोरांना उभारी यावी म्हणून सर ही गोष्ट सांगतात, आणि दर वेळी एखादा आजरा किंवा चंदगड हळूच विचारतो, "सर, मग आपण कशाला चालू ठेवलंय?"

याचं उत्तर अवघड आहे, कारण मैदानावर आलेल्या दहांतले नऊ जण क्रॉसकंट्रीसाठी आलेलेच नसतात. ते सोळाशे मीटरसाठी आलेले असतात. पोलीस असो की फौज, सोळाशे मीटरचं टायमिंग बसलं की घर बसतं. दहा किलोमीटर पळून मिळणार ते प्रमाणपत्र, विद्यापीठाचा ब्लेझर, आणि नशीब असेल तर पुढं कधी खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातली जागा. त्यामुळं सरांची अखंड लढाई सोळाशेशी. "सोळाशे मीटर म्हणजे काय रं? गाडी पकडायला पळतात तेवढं! त्यात डोकं लागतंय का?" पोरांनीही आता प्रतिवाद शोधलाय. "सर, अविनाश साबळे फौजेत गेला म्हणूनच पळायला लागला की. तिथंच क्रॉसकंट्री, तिथनंच स्टीपलचेस आणि बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थचं रौप्यपदक." यावर सर नळावर तोंड धुवायला जातात.

आणि दर वर्षी तेच होतं. जून ते सप्टेंबर घाम गाळून सर चौघं एका धाग्यात ओवतात. पहिला ते चौथा, अंतर तीस सेकंदांच्या आत. ऑल इंडिया आंतरविद्यापीठ स्पर्धेत मंगळूर विद्यापीठाच्या पोरांच्या खांद्याला खांदा लावू, अशी स्वप्नं रंगतात. तेवढ्यात भरती निघते आणि नेमका चौथा जातो. पहिला जात नाही. त्याला मेडलचा नाद लागलेला असतो. चौथ्याला मात्र ठाऊक असतं की त्याचा फोटो कधीच कुठं येणार नाही. पेढे घेऊन तो आला की सर अर्धा तास तोंड फिरवून बसतात. "संघ बुडवलास. चार महिने फुकट घातलंस." मग पेढा खातात. मग त्याच्या कागदपत्रांची झेरॉक्स नीट आहे का ते तपासतात, मेडिकलला जाताना काय खायचं ते सांगतात, आणि तो गेटबाहेर पडायच्या आत वहीत पाचव्याच्या नावापुढं 'चौथा' असं लिहितात.

या हिशेबानं तिन्ही जिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांत सरांचे बरेच चौथे आहेत. त्यांतला एक परवा सायबर चौकात ड्युटीवर होता. सर स्प्लेंडरवरून पोरांच्या मागं ओरडत चाललेले, डोक्यावर हेल्मेट नाही, कारण हेल्मेटमधून शिवी बाहेर पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. चौथ्यानं हात केला, आधी कडक सॅल्यूट ठोकला आणि मग चलनाचं मशीन काढलं.

"आरं, मला पावती?"

"सर, तुम्हीच शिकवलंय. शॉर्टकट मारायचा न्हाई."

मशीनला रेंज मिळेना. चौथ्यानं ते उलटं केलं, सुलटं केलं, रस्त्याच्या पलीकडं जाऊन आभाळाकडं धरलं. सर गाडीवर बसून त्याच्या पोटाकडं बघत होते. शेवटी चलन निघालं आणि सरांच्या अंगठ्यानं गळ्यातलं स्टॉपवॉच थांबवलं.

"सात मिनिटं, बारा सेकंद," सर म्हणाले. "ह्या टायमिंगवर भरतीत कुणी घेतलं असतं रं तुला?"