मुदत नावाची मिळकत

मराठी घरात पैशाविषयी मुलांना दोनच वाक्यं ऐकवतात. 'पैसे काय झाडाला लागतात?' आणि 'तुला काय करायचंय, तू अभ्यास कर.' त्यामुळे बाबांचा पगार, घराचा हप्ता आणि मामाने नेलेले उसने पैसे ही माहिती पोरं स्वयंपाकघराच्या दाराआडून, तुकड्यातुकड्याने गोळा करतात.

शाळा त्या मानाने धीट. राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरणच आहे. जीएसटी, शेअर, दलाली, म्युच्युअल फंड, एसआयपी, सगळं त्यात येतं. पंधरा वर्षांची मुलगी दर्शनी किंमत आणि बाजारभाव यांतला फरक धडाधड सांगते. घरी मात्र तिला एवढंच विचारतात, की हे किती मार्कांना आहे?

खरं तर सगळी मेख त्याच्याही आधी शिकवलेल्या सरळव्याजाच्या सूत्रात आहे. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. मोठी माणसं जन्मभर पहिल्या दोघांच्या मागे धावतात. मुद्दल पुरत नाही म्हणून कुढतात, पाव टक्का जास्त मिळतो म्हणून पतपेढी बदलतात. मुदतीला कोणी विचारत नाही. सरळव्याज सोडून चक्रवाढ धरली, तर वर्षाला ८ टक्क्यांनी रक्कम साधारण ९ वर्षांत दुप्पट होते. हा दर टिकला, तर विसाव्या वर्षी १० हजार ठेवून विसरून गेलेल्या भाच्याचे पासष्टीला जवळजवळ ३ लाख २० हजार होतात. सत्तेचाळिशीत शहाणपण सुचलेल्या मामाचे त्याच वयाला जेमतेम ४० हजार. मामाचा पगार जास्त, अनुभव जास्त, सल्ले तर विचारूच नका. पण सूत्राला सल्ले लागत नाहीत.

गंमत अशी, की ज्याच्या पदरी मुदत मुबलक, त्यालाच घाई. भाचा म्हणतो, "मामा, पासष्टीपर्यंत थांबतंय कोण?" आणि पुढ्यात पंचेचाळीस वर्षं असलेला हा गडी आठवड्यात मुदत संपणारं ऑप्शन विकत घेतो. सेबीने २०२४ साली हिशेब मांडला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. २०२३-२४मध्ये या खेळाडूंतले ४३ टक्के तिशीच्या आतले होते.

काहींना या क्षेत्रात करिअरच करायचं असतं. डोळ्यांपुढे काचेची इमारत आणि चार-चार स्क्रीन. प्रत्यक्षात सीएची आर्टिकलशिप लागते आणि पोरगी कुठल्याशा गोदामात, धुळीत बसून व्हाउचरांवर हिरव्या पेनाने टिका मारते. पूर्वी हे तीन वर्षं चालायचं, आता दोन. स्टायपेंड बहुतेकदा वडापाव आणि लोकलच्या पासात संपतो. म्हणजे इथेही मुद्दल नाही, दर नाही, नुसती मुदत! पण 'या व्हाउचरला बिल कुठंय?' हे विचारायची एकदा सवय लागली, की सहा महिन्यांत दामदुप्पट देणारा कुणी आयुष्यात तिच्या दारात फार वेळ उभा राहत नाही.

'पण साइड कुठली घ्यायची?' ही आईबापांची काळजी असतेच. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावचे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला वनस्पतिशास्त्रातलं पारितोषिक. पैसे झाडाला लागत नाहीत, याची त्यांनी रीतसर खात्री करून घेतली असणार.

त्याच रिझर्व्ह बँकेने २०१४मध्येच १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा बँकांना दिली. आपण अजून पंचविशीतल्या लेकापासून पासबुक लपवतो. ते एकदा सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवावं, कर्जाच्या हप्त्यांसकट. फक्त उत्तरांची तयारी हवी. दहावीतली लेक पानं उलटता उलटता विचारेल, "बाबा, ही विम्याची पॉलिसी कशासाठी घेतली? परतावा किती?" मार्च संपत आला होता आणि शेजारच्या काकांचं टार्गेट बाकी होतं, हे कारण 'अर्थनियोजन'च्या प्रकरणात नसल्याने ती अर्धासुद्धा मार्क देणार नाही.