ग्रॅफाइटचा भाव पाडणाऱ्यांस

विजेच्या गाड्या आणि त्यांच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या खरेदीप्रमुखांनो,

ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनने जाहीर केले की डिसेंबरपासून ग्रॅफाइट परवान्याशिवाय देशाबाहेर जाणार नाही. तुमची झोप उडाली. तेव्हापासून पुरवठ्याच्या सुरक्षेची चिंता तुमच्या प्रत्येक भाषणात असते. इतकी वर्षे कुठे होतात? बॅटरीच्या दर्जाचे नव्वद टक्क्यांहून अधिक ग्रॅफाइट एकाच देशात शुद्ध होते, हे काही रातोरात घडलेले नाही. किलोमागे चार पैसे कमी कोण घेतो, एवढेच तुम्ही विचारत राहिलात. ही मक्तेदारी पोसली कोणी? तुम्हीच.

ते चार पैसे कुठे वाचले, हेही तुम्हाला ठाऊक आहे. खाणीतून ग्रॅफाइटचे पापुद्रे निघतात. ते दळून, घासून बटाट्यासारखे गोलसर सूक्ष्म कण करतात आणि त्या घासण्यात निम्म्याहून अधिक मालाची भुकटी होते. मग उरलेली सिलिकासारखी अशुद्धता काढायला हायड्रोफ्लुओरिक आम्लात धुतात. हे आम्ल काच खाते, कातडीतून आत शिरून हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोहोचते. ९९.९५ टक्के शुद्धता मिळते ती या धुण्यातून. भुकटी अडवायला गाळण्या लागतात, धुतलेल्या पाण्यातले आम्ल मारायला चुना आणि टाक्या लागतात, आणि या सगळ्याला पैसे लागतात. तुम्ही भाव पाडलात तेव्हा कारखानदाराने काटछाट कशात केली असेल, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

उत्तर २०१६ मध्येच छापून आले होते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे बातमीदार चीनच्या दोन प्रांतांतल्या पाच गावांत फिरले आणि सगळीकडे एकच गाऱ्हाणे ऐकून आले : रात्री हवेत चकाकणारी धूळ, खराब झालेली पिके, घरातल्या सामानावर काजळी, नासलेले पिण्याचे पाणी आणि कारखान्याच्या बाजूने झुकलेले अधिकारी. ती धूळ तुमच्या मालाची होती.

चीन नको म्हणून तुमच्यापैकी काहींनी मोझांबिकमधल्या बलामा खाणीकडे मोर्चा वळवला. तिथे २०२४ मध्ये पुनर्वसनाच्या जुन्या तक्रारींवरून शेतकऱ्यांनी वाट अडवली आणि काम ठप्प झाले. देश बदलला, तुमची खोड नाही बदलली. गावकऱ्यांचे ऐकायचे ते माल थांबल्यावरच!

युरोपीय महासंघाने २०२३ च्या बॅटरी कायद्यात नैसर्गिक ग्रॅफाइटच्या उगमाची आणि वाटेतल्या हानीची पडताळणी तुमच्यावर टाकली. ऑगस्ट २०२५ ची मुदत आता ऑगस्ट २०२७ वर गेली आहे. पेट्रोलियम कोक तीन हजार अंशांच्या आसपास तापवून, पुष्कळदा कोळशाच्या विजेवर, जे कृत्रिम ग्रॅफाइट बनते, ते तर या पडताळणीत धरलेलेच नाही.

विजेची गाडी मला हवी आहे. चाकणला बनणारी गाडी पुण्याच्या चौकात धूर ओकत नाही, याचा मला आनंदच आहे. पण आमच्या चौकातला धूर कमी करण्याची किंमत चीनमधल्या हेइलोंगजियांग प्रांतातल्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याने का मोजावी?

कायद्याची वाट पाहू नका. तुमच्या बॅटरीतले ग्रॅफाइट कोणत्या कारखान्यात धुतले गेले, त्याचे नाव जाहीर करा. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च खरेदीच्या करारातच धरा आणि तो वाढीव भाव आमच्याकडून उघडपणे मागा. आम्ही देऊ.