आपल्याच मैदानात पाहुणे

२०२६ सालची २६ जानेवारी सोमवारी आली आणि शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग सुट्टी लागली. मुंबई-ठाण्याच्या उपनगरांत अशी सुट्टी लागली की वस्तीचे सरळ दोन भाग पडतात. अर्धे लोक खंडाळ्याच्या घाटात गाडीचं इंजिन बंद करून बसतात आणि उरलेले अर्धे महापालिकेच्या मैदानात कूपनाच्या रांगेत उभे राहतात. पहिल्या प्रकाराला पर्यटन म्हणतात, दुसऱ्याला महोत्सव.

मालवणी महोत्सव, आगरी महोत्सव, कोकण महोत्सव, खाद्यमहोत्सव, बालमहोत्सव. डिसेंबर निम्मा सरला की उपनगरातलं प्रत्येक मैदान कुणाच्या तरी नावाने बोलू लागतं. नावं बदलतात. मांडववाला, आकाशपाळणा आणि ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ म्हणणारा निवेदक बदलत नाही.

मालवण तालुक्यात आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगात छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. मग तो दिवस मंगळवार असो की गुरुवार, मुंबईचा चाकरमानी साहेबापुढे रजेचा अर्ज ठेवतो आणि गाडी पकडतो. शहरातल्या महोत्सवाची तारीखही कौलावरच ठरते. फक्त हा कौल देवीचा नसतो, प्रभागाचा असतो.

मुंबई महापालिकेची निवडणूक झाली फेब्रुवारी २०१७ मध्ये. मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. महोत्सव मात्र होते. निवडून आलेलं कुणी नाही, तरी फलकावर चेहऱ्यांची वाण पडली नाही. ‘माजी’ लिहिणं कुणाच्या जिवावर आलं तर त्याने ‘भावी’ लिहिलं. महाराष्ट्रात भूतकाळ आणि भविष्यकाळ एकाच खांबाला इतक्या सहज कुठे बांधलेले दिसत नाहीत.

फलक हे महोत्सवाचं पहिलं दालन. ते नीट वाचावं. वर पक्षाचे दिवंगत आणि हयात नेते, मधोमध हात जोडलेले आयोजक, खाली दोन्ही बाजूंना कार्यकर्त्यांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे. या सगळ्यांतून जागा उरली तर दशावतार कंपनीचं नाव. स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं नाव नसतंच. बेकायदा फलकांना मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली चांगलं फटकारलं होतं. तेव्हापासून फलक अधिक मजबूत बांबूंवर लावतात.

आता आत चला.

मालवणी महोत्सवात शिरल्याबरोबर पहिला स्टॉल कर्जत-नेरळकडच्या बंगल्यांच्या प्लॉटचा. दुसरा गुडघेदुखीच्या तेलाचा. तिसऱ्यावर एक माणूस एकाच किसणीने गाजर, बटाटा आणि तुमचा अहंकार किसून दाखवतो. घरी नेल्यावर ती किसणी फक्त बोट किसते. हे सगळं ओलांडून, पाळण्याच्या जनरेटरशेजारी, मालवण लागतं.

तिथे कोंबडी-वडे आहेत, बोंबील आहेत, घावणे आहेत, आंबोळ्या आहेत, नारळाच्या रसातले शिरवाळे आहेत. कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ, भाजका मसाला आहे. गुळात घोळवलेलं, आल्याचा झटका देणारं खाजं आहे. आणि या सगळ्यांसमोर मिळून जेवढी माणसं आहेत, त्याहून मोठी रांग शेजारच्या मोमोच्या गाडीवर आहे. कोकणच्या मातीचा सुगंध दरवळावा म्हणून भरवलेल्या मेळ्यात सर्वांत जास्त काय दरवळतं, तर शेजवान सॉस.

ताटाची किंमत ऐकून लोक बचतगटाच्या बाईकडे रागाने बघतात. राग चुकीच्या ठिकाणी जातो. तिने तीन दिवसांचं भाडं आगाऊ भरलंय, विजेचे वेगळे दिलेत, पाण्याचे वेगळे. कूपनाची पद्धत असेल तर त्यात आयोजकांचा वाटा आहे. शिवाय पहिल्या संध्याकाळी व्यासपीठावरच्या मंडळींसाठी आणि त्यांच्या मागे उभ्या असणाऱ्यांसाठी ताटं गेली, ती ‘आपल्याच माणसांना’ गेली, म्हणजे कूपनाशिवाय. हा सगळा हिशेब कुठून तरी भरून काढायचा. म्हणून बोंबील अंगाने बारीक होतो आणि सोलकढीत आगळापेक्षा पालिकेचं पाणी जास्त लागतं. प्रवेशद्वारावर लिहिलेलं असतं, सौजन्य अमुक साहेब. सौजन्य साहेबांचं, भाडं बाईचं.

संगीताकडे वळू. पत्रिकेत संध्याकाळी सात वाजता ‘मराठी-हिंदी गीतांचा बहारदार नजराणा’ असतो. सात वाजता खुर्च्या भरलेल्या असतात, कारण आपले ज्येष्ठ नागरिक साडेसहालाच पिशवी ठेवून जागा धरतात. साडेसातला साहेब निघालेत अशी घोषणा होते. आठला साहेब पोचत आहेत. सव्वाआठला साहेब आले. मग दीपप्रज्वलन, मग वारा, मग पुन्हा दीपप्रज्वलन. मग सत्कार. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ. सत्कार करणाऱ्याचाही सत्कार होतो, म्हणजे कुणाचं काही राहायला नको. मधेच कुणाची तरी पांढरी गाडी प्रवेशद्वारातून काढायची असते आणि लाल शर्ट घातलेलं एक मूल व्यासपीठामागे रडत असतं. त्या मुलाला व्यासपीठावर आणतात. आई सापडेपर्यंत त्याच्यासोबत दोन नगरसेवकांचे फोटो निघतात.

गाणं सुरू होतं तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून फार तर पंधरा दिवस सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि ते दिवस मोठ्या सणांत संपतात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. यातला डेसिबलचा आकडा आयोजकांना ठाऊक नसतो, पण घड्याळाचा असतो. त्यामुळे पावणेदहाला निवेदक गदगदून सांगतो की वेळेअभावी उरलेली गाणी घेता येत नाहीत. कायद्याची कात्री दर वेळी गाण्यावरच चालते. सत्काराचं भाषण वेळेअभावी रद्द झाल्याची घोषणा ऐकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

दशावताराची कथा त्याहून न्यारी. कोकणात हे नाटक रात्रभर चालतं. लिहिलेली संहिता हातात नसते, नट कथानक ठरवून घेतात आणि संवाद उभ्या उभ्या रचतात. राजाने राक्षसाला ललकारावं आणि त्यात गावच्या सरपंचालाही एक टोला बसावा, ही त्याची खुमारी. महोत्सवात या लोकांना पाऊण तास मिळतो. त्यातली दहा मिनिटं माइक जुळवण्यात जातात. संकासुराचं लांबलचक लाल जिभेचं सोंग येतं, पोरं खिदळतात, तेवढ्यात निवेदक ‘लोककलेचं जतन करणं ही काळाची गरज आहे’ असं सांगून पडदा पाडायला लावतो. पुढच्या स्पर्धेसाठी व्यासपीठ लागतं.

ही स्पर्धा म्हणजे खेळ पैठणीचा. २००४ साली अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, आदेश बांदेकर घरोघरचे भावोजी झाले आणि पैठणीला राजमान्यतेनंतर लोकमान्यताही मिळाली. त्या कार्यक्रमात निदान बाईला घरच्यांसमोर चार शब्द बोलायला मिळायचे. मैदानातल्या खेळात तिला उखाणा घ्यावा लागतो, फुगा फोडावा लागतो, तोंडात चमचा धरून लिंबू न्यावं लागतं, आणि मग पैठणी हातात पडते तेव्हा दुसरं टोक साहेबांच्या हातात असतं. फोटो निघेपर्यंत ते सोडत नाहीत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस, त्यामुळे सगळ्या बायकांना वाण मिळतं. पूर्वी वाण द्यायची घरची बाई. आता प्लास्टिकच्या डब्यावर चिकटवलेला चेहरा देतो, आणि तो चेहरा धुतला तरी जात नाही.

मुलांसाठी चित्रकला स्पर्धा. विषय ‘झाडे लावा’, रंगवणारे बाबा. वेशभूषा स्पर्धेत तीन शिवाजी महाराज, दोन झाशीच्या राण्या आणि वेळेवर मिशी गळालेले एक टिळक. सगळ्यांना प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर मुलाचं नाव पेनाने आणि आयोजकांचं छापील. पुरुषांसाठी काय असतं, असा प्रश्न काहीजण विचारतात. पुरुषांसाठी पिशव्या असतात. त्या धरून उभं राहायचं असतं.

अशा रीतीने चौघांचं कुटुंब चार दिशांना साजरं होतं आणि परत एकत्र येतं ते सेल्फी पॉइंटला. तिथे चौकट उभी असते. चौकटीत डावीकडे साहेब आधीच उभे असतात, पुठ्ठ्याचे. तुम्ही उजवीकडे मावायचं.

मैदानाचंही थोडं ऐका. महोत्सव तीन दिवसांचा म्हणतात, पण मांडव आधी आठवडाभर पडतो आणि उतरायला तितकाच वेळ घेतो. मग दुसऱ्याचा पडतो. एरवी तिथे खेळणारी पोरं ऐन हंगामात, म्हणजे हिवाळ्यात, दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत टेनिस बॉल खेळतात आणि तळमजल्यावरच्या काकांच्या शिव्या खातात. फेब्रुवारी संपता संपता मैदान परत मिळतं तेव्हा खेळपट्टीत बांबूंचे खड्डे आणि सीमारेषेवर खिळे असतात. बालमहोत्सव ज्या मैदानात होतो त्या मैदानात बालकांना तेवढी बंदी असते.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, अहो, लोकांना आनंद मिळतो, तुमच्या का पोटात दुखतं? आनंद मिळतो, हे खरं आहे. तीन दिवसांत बचतगटाच्या बायकांच्या हातात रोकड येते, दशावतारी नटांना मानधन मिळतं, आजी-आजोबा चार माणसांत बसतात. लहान पोर आकाशपाळण्यात किंचाळतं तेव्हा त्याला आयोजकाचा पक्ष माहीत नसतो. हे सगळं व्हावंच. माझी तक्रार आनंदाबद्दल नाही. ज्याला आपण आपला महोत्सव म्हणतो त्यात आपलं काय आहे, एवढंच मी विचारतोय.

१८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पुढे टिळकांच्या हाकेने तो महाराष्ट्रभर पसरला. तो चालला कशावर? वर्गणीवर. वर्गणी मागायला येणाऱ्या पोरांवर आपण दार लोटायचो, घासाघीस करायचो, शेवटी कपाळाला आठ्या घालून पावती घ्यायचो. पण ती पावती खिशात असल्यामुळेच ‘यंदा मखर अगदीच सुमार हं’ असं तोंडावर सांगायचा अधिकार असायचा. मंडळाचा खजिनदार चाळीतच राहायचा आणि जिन्यात सापडायचा.

आजही सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. म्हणजे गल्लीतला पोरगा एकावन्न रुपये मागायला आला तर त्याच्यामागे कायदा उभा. आणि मैदानभर रोषणाई करणाऱ्याला मात्र ‘एवढे पैसे आले कुठून?’ असं विचारायला ना कलम, ना जिना.

अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवतं, तेही अनेकदा चार जुलैच्या सुट्टीच्या आसपास. तिथेही नाटक, गाणं, जेवणाच्या रांगा. पण येणारा माणूस नोंदणीचे डॉलर मोजून येतो. त्यामुळे श्रीखंड संपलं तर तो कार्यकारिणीला धारेवर धरू शकतो. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात श्रोता तिकीट काढून बसतो. तिथे ख्याल अर्ध्यावर थांबवून कुणा भावी उमेदवाराला शाल घालायची छाती कुणी करावी, म्हणजे पुणेरी मौन म्हणजे काय ते त्याला कळेल.

मौनावरून आठवलं. आंगणेवाडीला जत्रेच्या दिवशी देवीचा प्रसाद रांधणाऱ्या बायका मौन पाळतात. लाखो लोक येतात, त्यांत मंत्री येतात, रस्ताभर त्यांच्या स्वागताचे फलकही लागतात, पण रांधणारीने माइक हातात घ्यायचा नाही. शहरातल्या महोत्सवात बोलणारे भरपूर आणि रांधणारीचं नाव फलकावर नाही.

फुकटच्या गोष्टीत तक्रार करायची सोय नसते, आणि साहेबांना हेच हवं असतं. प्रवेश विनामूल्य ठेवला की यजमान एकटा उरतो आणि आपण सगळे पाहुणे होतो. पाहुण्याने वाढलेलं खावं, टाळ्या वाजवाव्यात आणि योग्य दिवशी उपकाराची आठवण ठेवावी.

तेव्हा पुढच्या जोड-सुट्टीला घरटी शंभर रुपये काढा, पावतीपुस्तक छापा, सोसायटीतल्या सर्वांत कटकट्या माणसाला खजिनदार करा. पाळणा एकच ठेवा, दशावतार पुरता होऊ द्या, सत्कार करायचाच तर स्वयंपाक करणाऱ्या बाईचा करा, तोही गाणं संपल्यावर. साहेबांनाही जरूर बोलवा. त्यांच्याकडूनही शंभर रुपये घ्या आणि पावती द्या.