कार्कासोनला जाऊन आलेले

फ्रान्स बघून आलेली मंडळी हल्ली कार्कासोनचेच फोटो दाखवतात: ओद नदी, दुहेरी तटबंदी, आजूबाजूला द्राक्षमळे. ‘‘इतिहास जपावा तर यांनी!’’ बुरुजांवरची ती टोकदार छपरं एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक यांनी चढवली, हे सांगून कोणाच्या सहलीवर पाणी ओतायचं?

पाण्यावरून आठवलं. बिदरजवळच्या आमच्या नौबादला नदी नाही, पण बहामनी काळातला करेज आहे. जमिनीखाली खोदलेला बोगदा, वर थोड्याथोड्या अंतरावर विहिरीसारखी तोंडं, आणि ना मोट ना पंप, नुसत्या उतारावर वाहणारं पाणी. पुढच्या पिढ्यांनी त्यात गाळ आणि कचरा साचू दिला; तो उपसायलाही एकविसावं शतक उजाडावं लागलं. शेजारी बिदरचा किल्ला: खडक फोडून केलेला तिहेरी खंदक, रंगीन महालात काळ्या दगडात बसवलेले शिंपले. बिदरी धातुकामाचे कारागीर निदान किल्ल्यातली माती तरी त्या कामासाठी आवर्जून नेतात.

कार्कासोन 1997 पासून जागतिक वारसा आहे. बिदर 2014 पासून संभाव्य यादीत.

हे सगळं ऐकून फ्रान्सवाल्या काकांनी एकच विचारलं, ‘‘किल्ल्यापाशी पार्किंग आहे ना?’’